युद्ध त्यांचं, सातबारा आमचा

परवा रात्री चिंचोटी नाक्यावर चहाला थांबलो होतो. भिवंडीकडून येणाऱ्या ट्रकांची नेहमीची रांग, धूळ, हॉर्न. टपरीवर चार-पाच ओळखीचे बसले होते. एकाच्या मोबाइलवर बातम्या चालू. कुठल्या तरी देशाचं कुठल्या तरी देशाशी युद्ध, ड्रोन, धूर, आणि खाली पळणारी लाल पट्टी. आमचा एक मित्र, माणूस चांगला, अडीअडचणीला धावून येणारा, तो एकदम म्हणाला, "आपण पण एकदा उतरायला पाहिजे राव. एवढा मोठा देश, एवढं मोठं लष्कर. पाठवा दोन डिव्हिजन. जगात वजन वाढतं. दोन महिन्यांत विषय संपतो. आणि आपल्याला इथे चिंचोटीत बसून काय फरक पडणार आहे?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चहा संपवला आणि घरी आलो. पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना रील बघायची आहे त्यांनी पुढे जावं.

चिंचोटीत बसून काय फरक पडतो? याच नाक्यावरून कामणच्या रस्त्याला लागा. खड्डे चुकवत (चुकले तर) अंजूरफाटा, भिवंडी, कल्याण. कल्याणवरून मलंगगडाच्या रस्त्याने पुढे गेलात की नेवाळी लागतं. पालघर वेगळा होण्याआधी, म्हणजे २०१४ पर्यंत, आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं गाव. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने नेवाळी आणि आजूबाजूच्या गावांची दीड हजारांहून जास्त एकर जमीन विमानाच्या धावपट्टीसाठी घेतली. भाताची जमीन. गावकरी सांगतात की युद्ध संपलं की परत देऊ, असा शब्द दिला होता. युद्ध संपलं १९४५ ला. इंग्रज गेले १९४७ ला. जमीन संरक्षण खात्याच्या नावावर राहिली. शेतकरी मात्र तिथेच भात लावत राहिले. आजोबांनी लावला, बापाने लावला, नातवाने लावला. आणि मग २०१७ साली तिथे नौदलासाठी भिंत घालायला सुरुवात झाली, तीही ऐन पेरणीच्या दिवसांत. २२ जूनला लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्रे उडाले, शेतकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. दोन्हीकडे आपलीच पोरं.

आता हिशेब करा. ज्या युद्धासाठी ती जमीन गेली, त्यात एका बाजूला हिटलर होता, दुसऱ्या बाजूला चर्चिल. त्यातल्या एकालाही नेवाळी कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते दोघे गेले, साम्राज्य गेलं, जर्मनीचे दोन तुकडे होऊन परत एक झाले. आणि नेवाळीत त्या युद्धातले जखमी २०१७ साली दवाखान्यात दाखल होत होते.

म्हणे काय फरक पडतो!

त्या युद्धात आपण शिरलो कसे, ते पण बघू. ३ सप्टेंबर १९३९. लंडनने जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात आहे असं जाहीर करून टाकलं. मध्यवर्ती कायदेमंडळ होतं, त्याला विचारलं नाही. प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं होतं, त्यांना विचारलं नाही. चाळीस कोटींच्या आसपास लोकांचा देश एका माणसाच्या सहीने युद्धात गेला. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी त्याच वर्षी राजीनामे दिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये येणारच. हिटलरशी लढायला नको होतं असं मी म्हणत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या युद्धात नाझींविरुद्ध उभं राहण्याची बाजू घेतली, आणि माझ्या मते ते बरोबर होते. शिवाय त्यांनी त्यातून आपल्या माणसांसाठी काही पदरातही पाडून घेतलं. पहिल्या महायुद्धात गरज होती तेव्हा इंग्रजांनी १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर मोडून टाकली. वापरा आणि फेका. दुसऱ्या युद्धात पुन्हा माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि ती टिकली. म्हणजे युद्धातून काहीच चांगलं निघत नाही हे खोटं आहे. पण निघालं ते कुणी झगडून काढलं म्हणून निघालं. व्हाइसरॉयने प्रसाद म्हणून वाटलं नव्हतं.

माझा मुद्दा दुसरा आहे. ज्यांना विचारलं नाही, बिल त्यांच्याच दारात आलं. आणि जे जे "तात्पुरतं" म्हणून आलं, ते गेलंच नाही.

पंचवीस लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते. सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास मेले. आपल्या कोकणातलाच यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतला नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटा धावून गेला, ठाणं घेतलं आणि तिथेच गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला पुतळा आहे, गोव्याच्या रस्त्याने जाताना थांबा एकदा. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानेही त्याचं स्मारक केलं. म्हणजे इटलीतलं छोटंसं गाव त्याची आठवण ठेवतं. आपल्याकडच्या दहावीच्या पोराला विचारा घाडगे कोण. मी विचारलंय. उत्तर लिहीत नाही.

सैनिकांचं निदान नाव तरी लागतं कुठेतरी. जे इथेच होते त्यांचं काय?

युद्धाचा पैसा कुठून आला ते ऐका, कारण हे शाळेत नीट शिकवत नाहीत. देशाच्या रक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करायचा आणि बाहेरच्या आघाड्यांचा ब्रिटनने, असं ठरलं होतं. ऐकायला न्याय्य. पण ब्रिटनने इथे रोख दिली नाही. गहू, कापड, तंबू, बूट, ताग, सगळं इथून उचललं आणि त्याबदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा दाखवले. त्या कागदी पौंडांच्या जिवावर इथे नोटा छापल्या. ऑगस्ट १९३९ ला चलनात दोनशे कोटींच्या आत नोटा होत्या, युद्ध संपताना अकराशे कोटींच्या वर. सहापट नोटा, आणि माल मात्र बोटीत बसून बाहेर. मग काय होणार? भाव दुपटीच्या वर गेले. ज्याच्याकडे माल होता तो गब्बर झाला, ज्याच्याकडे फक्त मजुरी होती तो मेला. मेला हे मी शब्दशः म्हणतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं गेली, असा अंदाज आहे. पीक थोडं कमी आलं होतं, पण माणसं एवढी मेली ती महागाईने, साठेबाजीने आणि सरकारने धान्य आणि नावा लष्करासाठी आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून उचलल्यामुळे.

लंडनला जमा झालेले ते पौंड, सुमारे १३० कोटी, म्हणजे ब्रिटन आपलं देणेकरी झालं. छाती फुगवायची असेल तर फुगवा. पण १९४८ च्या करारात त्यातला मोठा भाग इंग्रजांनी इथे टाकून दिलेल्या लष्करी सामानाची किंमत आणि त्यांच्या अधिकाऱ्यांची पेन्शन म्हणून वळता झाला. म्हणजे आपल्याच उपाशी राहिलेल्या माणसांच्या पैशातून साहेबाची पेन्शन. याला म्हणतात वजन वाढणं.

मुंबईत १९४३ साली रेशनिंग आलं. युद्धकाळापुरतं. ते कार्ड अजून तुमच्या-माझ्या कपाटात आहे. रेशनवर माझा राग नाही, गरिबाच्या घरात त्यानेच चूल पेटते. पण आलं कशासाठी आणि कधी, हे तरी लक्षात ठेवा.

घरभाड्याचं बघा. हा माझ्या आवडीचा विषय आहे, कारण वसई-विरारचा निम्मा इतिहास त्यात लपलाय असं मला वाटतं. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली म्हणून १९१८ ला भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याच्या नावातच युद्ध होतं. दुसरं युद्ध सुरू झालं, १९३९ ला परत निर्बंध आले, १९४४ ला आणखी एक कायदा आला. मग १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवून टाकलं. मुदतीचा कायदा होता तो. मुदत संपत आली की वाढवायची, परत वाढवायची. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. नवा कायदा लागू झाला मार्च २००० च्या शेवटच्या दिवशी. पन्नासहून जास्त वर्षं! आणि पागडी अजून आहेच.

भाडेकरूला त्या वेळी संरक्षण हवंच होतं, नाहीतर गिरणी कामगार रस्त्यावर आला असता. पण तात्पुरती गोष्ट कायमची झाली की ती सडते. मालकाला दुरुस्ती परवडेना, चाळी कुजल्या. भाड्याने द्यायला नवी घरं बांधायला कोणी पुढे येईना, पागडीत काळा पैसा शिरला. १९६९ ला दुरुस्तीसाठी उपकर लावावा लागला, त्या उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून जास्त निघाल्या. आणि लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत भावाभावांचे संसार मावेनात, तेव्हा धाकट्याने सकाळची लोकल पकडली आणि नालासोपाऱ्याला, विरारला जागा बघायला आला. एकटं भाडेनियंत्रण हे त्याचं कारण नव्हतं, गिरण्यांचा संप होता, जमिनीचे भाव होते, बिल्डर होते. पण त्या कारणांत एक कारण १९३९ चं युद्ध आहे. आपल्या तालुक्यातली वाडी, मिठागरं, भातशेती जाऊन तिथे ज्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यांच्या पायात थोडी राख त्या युद्धाचीही आहे.

कल्याणला जा. लष्कराची मोठी छावणी होती तिथे. युद्ध संपलं, फाळणी झाली, सिंधी निर्वासितांना तिथल्या बरॅकीत आणून ठेवलं. १९४९ ला उल्हासनगर नाव दिलं. आज रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक काय म्हणतात? कॅम्प एक, कॅम्प दोन, कॅम्प पाच. पंचाहत्तर वर्षं झाली, पत्ता अजून छावणीचाच आहे.

आणि माझ्या धंद्याशी संबंधित एक गोष्ट. १४ एप्रिल १९४४, दुपारी चार. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यावर कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. कापूस पेटला आणि बोट फुटली. एकदा नाही, दोनदा. सातशेहून जास्त माणसं गेली, हजारो बेघर झाले. आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशमन जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत. शाळेत येऊन पोरांना सिलिंडर कसा फवारायचा ते दाखवतात, पण का, ते सांगतोच असं नाही कोणी.

अख्ख्या मुंबईने तो धडाका ऐकला, काचा फुटल्या, डोळ्यांदेखत माणसं मेली. पण वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी नाही. सेन्सॉर. पहिली बातमी जगाला दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या पेपरांना ती मोकळेपणाने देता आली मे महिन्यात. म्हणजे मुंबईत काय झालं हे मुंबईकराला शत्रूच्या रेडिओवरून कळायचं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, त्यात युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपवर अर्ध्या पानाची नोट होती. आता कळतं, ती नोट अर्ध्या पानाची का असते.

आपल्या जिल्ह्याचं पण राहायला नको. पालघरला हुतात्मा स्तंभ आहे ना, त्याला वळसा घालून आपण कचेरीच्या कामाला जातो. १४ ऑगस्ट १९४२. काशीनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी, सुकुर गोविंद मोरे. पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. "चले जाव" उठलं कशातून? ज्या युद्धात आम्हाला विचारलं नाही, त्याची किंमत आमच्याकडून का, या प्रश्नातूनही उठलं. तोही त्याच बिलाचा एक हप्ता.

आता मित्र म्हणेल, आणि तो म्हणणारच, "अरे, तेव्हा गुलाम होतो. आता आपलं सरकार आहे, आपण ठरवतो."

बरं. १९८७ घ्या.

श्रीलंकेत तमिळ आणि सिंहली यांचं भांडण. १९८३ च्या दंगलींनंतर आपल्याच यंत्रणांनी तिथल्या तमिळ बंडखोरांना आपल्या भूमीवर शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी कोलंबोला करार करून आले, आणि दुसऱ्या दिवशी आपलं सैन्य तिथे उतरलं. शांतिसेना. नाव शांतीचं. ऑक्टोबरपर्यंत तीच शांतिसेना वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, पूर्ण लढाई लढत होती. ज्यांना आपण बंदूक धरायला शिकवलं त्यांच्याच बंदुकीसमोर आपली पोरं. मग श्रीलंकेत नवे राष्ट्राध्यक्ष आले प्रेमदासा, ते म्हणाले निघा आता. एवढंच नाही, वाघांना हत्यारंही पुरवली, आपल्याविरुद्ध वापरायला. मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला परतली, तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. साडेअकराशेहून जास्त जवान तिथेच राहिले. आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर.

मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले. आठव्या महार बटालियनमधून गेले. हो, तीच महार रेजिमेंट, १९४१ वाली. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि गेले. परमवीर चक्र. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर. श्रीलंकेने कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक उभारलं. आपल्याकडे त्यांची नावं दगडावर कोरलेलं राष्ट्रीय स्मारक दिल्लीत उघडलं फेब्रुवारी २०१९ ला. तीसहून जास्त वर्षांनी. वजन वाढायला जे गेले, त्यांना नाव मिळायला तीस वर्षं.

१९८७ ला सैन्य पाठवण्याआधी संसदेत मतदान झालं होतं का? नाही. घटनेत तसं बंधनच नाही. आजही नाही. परक्या भूमीवर लढायला सैन्य पाठवायचं तर लोकसभेची आधी मंजुरी घ्यावीच लागेल, असं कुठेही लिहिलेलं नाही. १९३९ ला व्हाइसरॉयला विचारावं लागलं नाही आणि १९८७ ला पंतप्रधानांना विचारावं लागलं नाही. पक्ष कुठला हे इथे बिनमहत्त्वाचं आहे. मला दोन्हीकडून शिव्या खायची सवय आहे, तेव्हा निवांत द्या.

याच्या उलटं एकदा झालं. २००३. अमेरिका इराकमध्ये घुसली आणि मग आपल्याकडे एक डिव्हिजन मागायला लागली. मोठमोठे लोक बाजूने होते. हेच बोलत होते, अगदी हेच: जगात वजन वाढेल, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील. पण एप्रिलमध्येच लोकसभेने त्या हल्ल्यावर ठराव केला होता, हिंदीत शब्द होता "निंदा". रस्त्यावर, पेपरात, संसदेत वाद झाला. वाजपेयींनी घाई केली नाही. १४ जुलै २००३ ला सरकारने नाही म्हटलं. त्यानंतर इराकचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. त्या डिव्हिजनमध्ये साताऱ्याची, सांगलीची, कोकणातली किती पोरं असती, याचा विचार करा. ती आज पेन्शन घेऊन गावी बसली असतील, कोणी सिक्युरिटीत असेल, कोणी आपल्याच हायवेवर ढाबा टाकला असेल. चर्चा झाली म्हणून ती जिवंत आहेत. तशी यादी कुठे कोरलेली नसते.

ज्या ब्रिटनने आपल्याला न विचारता युद्धात ढकललं, तिथे आता परदेशात लढायला जाण्याआधी संसदेत विचारायचा संकेत पडलाय. दरवेळी पाळतात असं नाही. पण ऑगस्ट २०१३ ला सीरियावरच्या मतदानात त्यांचं सरकार २८५ विरुद्ध २७२ ने हरलं आणि गुपचूप घरी बसलं. साहेब शिकला. आपण कधी?

"शत्रू दारात आल्यावर मतदान घेत बसायचं का?" हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. नाही. सीमेवर हल्ला झाला तर परतवायचा, त्याला कोणाची परवानगी नको. मी बोलतोय ते परक्याच्या भूमीवर, परक्याच्या भांडणात जाण्याबद्दल. आणि तसंही, १९६२ ला चीन आत घुसलेला असताना, लढाई चालू असताना, संसदेचं अधिवेशन भरलं होतं. तरुण वाजपेयींनी मागणी केली आणि नेहरूंनी ते ठरल्या तारखेआधी बोलावलं. देश बुडाला नाही त्याने.

तात्पुरत्याचं आणखी एक उदाहरण देऊन थांबतो. ३ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशाच्या युद्धासाठी आणीबाणी जाहीर झाली. युद्ध तेरा दिवसांत जिंकलं. आपल्या लष्कराचा अभिमान वाटावा असं जिंकलं. पण ती आणीबाणी उठली कधी? मार्च १९७७. तेरा दिवसांच्या लढाईची आणीबाणी पाच वर्षांहून जास्त. तिच्यावरच १९७५ ची दुसरी येऊन बसली. त्याच वेळी निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं होतं, ते मात्र १९७३ च्या मार्चमध्ये बंद झालं. एवढं एकच नीट बंद केलेलं आठवतं मला. पाच पैसे होते म्हणून असेल.

आपण वसईची माणसं. आपल्याला तर हे कळायला पाहिजे होतं. ३१ डिसेंबर १८०२ ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. होळकरांनी पुण्याजवळ हरवलं, म्हणून पळून इथे आला आणि मदतीला कंपनीची फौज मागितली. तैनाती फौज. मदत म्हणून आली, खर्च पेशव्याच्या मुलखातून. सोळा वर्षांत पेशवाईच राहिली नाही. किल्ल्यात प्री-वेडिंग शूट करणाऱ्यांना कोणी सांगितलंय का हे?

आता तुम्ही विचाराल, पत्रकारबुवा, मग करायचं काय?

बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा मार्ग, एक्स्प्रेस वे, आपल्या तालुक्यात जमीन देणं काय असतं हे कामणपासून जुचंद्रपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तिथे आपण काय मागतो? कागद दाखवा. कशासाठी, किती, कधीपर्यंत, मोबदला काय. साध्या रस्त्याला आपण हे विचारतो, आणि युद्धाला विचारत नाही. युद्ध म्हटलं की प्रश्न विचारणारा देशद्रोही.

तर माझे तीन प्रश्न आहेत, आणि ते मी आपल्या खासदारांना लेखी देणार आहे, पक्षाचं लेबल न लावता. परदेशात लढायला सैन्य पाठवण्याआधी लोकसभेत मतदान बंधनकारक करणारं खासगी विधेयक तुम्ही मांडाल का? युद्धाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक कायद्यावर, करावर, जमिनीच्या ताब्यावर संपण्याची तारीख लिहिलेली असावी, आणि मुदत वाढवायची तर पुन्हा मतदान, हे तुम्हाला मान्य आहे का? आणि तिसरा, दुसऱ्या महायुद्धात घेतलेली पण आज त्या कामाला न लागणारी जमीन महाराष्ट्रात किती आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे संसदेत विचाराल का?

नाक्यावरच्या मित्राला मी ही पोस्ट टॅग केलेली नाही, पण तो वाचेल. त्याचा मुलगा बारावीला आहे आणि अग्निवीरच्या भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला हायवेच्या कडेने धावताना दिसतो मला. परवा बोलताना ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती, त्याच्याही नाही.

पत्र सोमवारी देतोय. पोच आणि उत्तर, जे काय मिळेल ते, इथेच टाकतो. नेवाळीकडचं कोणी वाचत असेल, कोणाकडे जुने कागद, १९४२-४५ च्या नोटिसा, आजोबांच्या पावत्या असतील, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. नाव कोणाचं बाहेर जाणार नाही.